धुंगार दिलेलं सरबत

दिवस कलला की छबुबाईच्या छातीत मोटरसायकल चालू व्हायची. दारातली खरी मोटरसायकल त्याच्या जरा आधीच निघून गेलेली असायची. सुंदरराव डोक्याला रुमाल गुंडाळत, तिच्याकडं न बघता म्हणायचे, "जरा वडवणीला जाऊन येतो," आणि ती भाकरी थापता थापता म्हणायची, "या." त्या एका अक्षरात काय काय भरलेलं असायचं ते तव्यालाच ठाऊक.

वडवणीत सुंदररावांचं काही काम उरलेलं नव्हतं. एकेकाळी होतं. पंचायत समितीवर निवडून आले होते तेव्हा दारात जीप उभी राहायची, बैठकीतल्या कपबशांना उसंत नसायची. औंदा सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल पडलं आणि माणसं पांगली, खळं उठल्यावर चिमण्या पांगतात तशी. त्यात दिवाळी सरली, टोळ्या ऊसतोडीला गेल्या, निम्म्या गावाला कुलपं लागली. राम राम घालायलाही माणूस धुंडावा लागू लागला. वडवणीच्या पुढं, बीडच्या रोडला एक धाबा होता. तिथं ओळखीचं कुणी येत नव्हतं, म्हणून सुंदरराव तिथं जाऊन बसत, एकटेच पीत, आणि बडीशेप चघळत घरी येत.

"झालं का काम?" छबुबाई ताट वाढताना विचारायची.

"झालं."

यापुढं बोलणं जायचं नाही. लग्न झालं तेव्हापासूनचा हा रिवाज होता. सुंदररावांच्या आईनं लेकाकडून शब्द घेतलेला, बाटली उंबऱ्याच्या आत यायची नाही. त्यांनी तो पाळला. जे काय ते उंबऱ्याबाहेर. छबुबाईनं आपल्या वाटणीचं पाळलं. वास आला तरी नाकाला पदर लावला नाही, पाय अडखळला तरी 'जपून' म्हणाली नाही. गावात अशी पुष्कळ घरं होती. पुरुष पीत नसे आणि बाईला कळत नसे, अन् त्या दोन भिंतींवर घराची इज्जत छपरासारखी टेकलेली असे.

पण मागच्या आठवड्यात सुंदरराव पुलापाशी पडले. कोपर सोललं, गुडघ्यावर पॅन्ट फाटली. 

"कुत्रं आडवं आलं," ते म्हणाले.

"कुत्री लई झाल्यात," ती म्हणाली आणि हळद दाबून भरली.

हळद भरताना तिच्या डोळ्यापुढं तो रोड येत होता. आज कोपर होतं, उद्या काय असेल? उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून त्याच रोडनं जात होते, मागं ना दिवा ना लाल कापड. रोज सांजेला दिवा लावताना तिच्या ओठांवर आपोआप ओवी यायची:

तिन्हीसांजंच्या गं वेळी, दिवा लावला दारात
कुंकवाचा धनी माझा, कवा येईल घरात

आता ती ओवी गुणगुणायचीही तिला भीती वाटू लागली. मनाशी तिनं एकच ठरवलं. पिणं सुटायचं तेव्हा सुटेल, आधी तो रोड सुटला पाहिजे.

तिनं पुण्याला सुनेला फोन लावला. करिष्मा, लेकाची, धर्मराजची बायको, मोकळ्या तोंडाची पोर होती.

"करिष्मा, दारू कमी आन चव जास्त, आसं काई आसतं का गं तुमच्याकडं?"

करिष्मानं फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला.

"आई, तुम्हाला कॉकटेल म्हणायचंय का?"

"काय म्हणत्यात ते म्हणत्यात. घरी करता येतं का?"

"येतं की. पण दारू कुठली आणणार तुम्ही?"

दारू आणायची नव्हती. दारू घरात होती. हे छबुबाईचं मोठं गुपित. सुंदरराव निवडून आले त्या दिवाळीला कुणीतरी चकचकीत कागदात बांधलेला खोका देऊन गेलं होतं. मिठाई समजून तिनंच तो उंबऱ्याच्या आत घेतला, हळदीकुंकवाच्या बोटानं कागद फाडला, आणि आत बाटली. परत कुणाला द्यावी, तर कोण देऊन गेलं ते ठाऊक नाही. मोरीत ओतावी, तर वास घरभर. नवऱ्याला सांगावं, तर इतक्या वर्षांचं न बोलणं मोडणार. तिनं ती ज्वारीच्या कोठीत खोल खुपसून ठेवली होती, आणि दर वर्षी नवी ज्वारी भरताना पुन्हा तळाशी सारली होती.

तिनं बाटलीचा फोटो धाडला. करिष्माचा फोन लगेच आला. "आई! ही स्कॉच आहे. अस्सल विलायती! हिच्यात लिंबू पिळलं तर शौकीन लोक रडतील हो."

"रडू दी. माझं रडून झालंय."

मग करिष्मा हसायची थांबली आणि नीट सांगू लागली. लिंबाचा रस, साखरेचा पाक, बर्फ, त्यात व्हिस्की, आणि बंद भांड्यात जोरात हलवायचं. थंडीत गरम पाण्यात करायचं. त्यात लवंग, दालचिनी, मध. त्याला हॉट टॉडी म्हणतात.

"आमी काढा म्हणतो," छबुबाई म्हणाली. आता तिला बरंचसं समजलं होतं.

दुपारी सगळं आवरून, दाराला कडी घालून तिनं बाटली उघडली आणि मागं सरकली. करपलेला वास! दूध उतू जाऊन चुलीत पडावं तसा, ओल्या लाकडानं धुमसावं तसा. इतकी वर्षं ज्वारीत राहून नासली म्हणायची. तिनं पुन्हा फोन लावला.

"नासलीय बाई. धुराचा वास येतुय."

"नासली नाही, आई. त्यातल्या काही स्कॉच अशाच असतात. तिकडं सातू धुरावर वाळवतात, त्याचा वास राहतो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. त्याचेच तर पैसे घेतात."

छबुबाईनं पुन्हा हुंगलं, आणि ह्या वेळी तिला वास ओळखीचा वाटला. ताकाच्या भांड्यात निखारा ठेवायचा, त्यावर तुपाचा थेंब सोडायचा, झाकण दाबायचं. तिची आई असाच धुंगार द्यायची ताकाला. सातासमुद्रापलीकडं कुणी बाई-माणूस असंच काहीतरी झाकून बसलं असेल, असं वाटून तिला त्या बाटलीचं भय उरलं नाही. 

माप कशाचं घ्यावं? पळी देवाची. चमचा रोजच्या जेवणातला. शेवटी खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं झाकण सापडलं, ते बरं वाटलं. झाकणभर बाटलीतलं, पेलाभर गरम पाणी, गूळ, ठेचलेलं आलं, गवती चहाची दोन पाती, लिंबू. करंगळी बुडवून तिनं जिभेला लावली. लगेच खळखळून चूळ भरली, देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. मग अंदाज यावा म्हणून पुन्हा एकदा करंगळी बुडवली. गूळ कमी होता.

सांजेला सुंदररावांनी रुमाल उचलला.

"सरबत पिऊन जावा," ती म्हणाली.

"सरबत? ह्या थंडीत?"

"गरम हाय. आलं घातलंय."

उभ्या उभ्या संपवून निघावं म्हणून त्यांनी पेला घेतला. एक घोट घेतला आणि ते थांबले. पेल्यात बघितलं. भिंतीवरच्या आईच्या फोटोकडं बघितलं. छबुबाई दारातून बाहेर कोंबड्यांकडं बघत राहिली. जन्मात तिनं कोंबड्या एवढ्या निरखून पाहिल्या नव्हत्या.

"कशाचं हाय?"

"लिंबाचं."

"आन?"

"गुळाचं."

"आन?"

"आल्याचं."

त्यांनी पेला नाकाशी नेला. "धुराचा वास येतुय."

"धुंगार दिलाय."

ती एवढं सरळ म्हणाली की पुढं विचारायला जागाच उरली नाही. सुंदररावांनी दुसरा घोट घेतला. मग खुर्ची ओढली. मग रुमाल खुंटीला गेला.

"बरं झालंय," ते म्हणाले.

त्या दिवसापासून सांजेचं सरबत सुरू झालं. छबुबाईला त्यात गंमत वाटू लागली. कधी बडीशेप आणि खडीसाखर भिजत घालून गाळायची, कधी चिंचेच्या कोळात जिरं भाजून टाकायची. हळकुंडाचा प्रयोग फसला, सुंदररावांनी डोळे मिटून तो प्यायला आणि म्हणाले, "ह्येच्यापरीस कोपराला लावायचं व्हतं." एकदा दुपारी ऊन होतं म्हणून तिनं बर्फ घालून झाकणाच्या बरणीत सरबत खदाखदा हलवलं, तर बाहेरून शेजारीण ओरडली, "छबुबाई, लोणी काढता का वो?" 

"व्हय, थोडंच हाय!" ही आतून.

माप मात्र झाकणभरच. कधी ते पेला पुढं करून म्हणायचे, "अजून हाय का?"

"संपलं."

"सरबत आसं संपत आसतं का?"

"आमच्या इथं संपतं."

सुंदरराव हसायचे आणि गप बसायचे. बसायचे म्हणजे बोलायचे. पेला हातात घेऊन बसलेला हा माणूस बोलतो, हे छबुबाईला पहिल्यांदाच कळत होतं. त्याचं हे बोलणं आजवर गावानं, जीपनं आणि धाब्यानं ऐकलं होतं. पॅनेल पडलं त्या दिवशी मतमोजणीच्या मांडवामागं जाऊन ते एकटे उभे राहिले होते, हे त्यांनी तिला सांगितलं. लहानपणी आईबरोबर कोयता घेऊन फडात गेले होते तेही सांगितलं. ती निवडणं निवडत ऐकायची आणि रात्री भांडी घासताना नवीच ओवी जुळवायची:

गूळ विरला पाण्यात, लिंबू पिळला वरून
मुक्या माझ्या राजसाला, बोल आले गं भरून

दोघांपैकी कुणीही त्या पेल्यातल्या गोष्टीचं नाव घेत नव्हतं. 'सरबत' या शब्दाची एक बारकी ताटी दोघांच्या मधे उभी होती. रोड सुटला होता, एवढं पुरे होतं.

अशाच एका सांजेला, सुंदररावांच्या हातात नुकता पेला दिला होता तोच अंगणातून हाक आली.

"हायेत का इवाई घरात?"

घाटनांदूरचे शिवशंकर, त्यांच्या लेकीचे, स्वप्नालीचे सासरे. लेकीच्या डोहाळजेवणाचं आवतण द्यायला एसटीनं न कळवता आलेले. बारीक अंगाचा, गळ्यात तुळशीची माळ घातलेला साधा माणूस. व्याही-व्याही उराउरी भेटले. छबुबाईनं पाणी दिलं, ख्यालीखुशाली विचारली. लेकीला आंबट खावंसं वाटतंय का गोड, हे विचारताना तिचा चेहरा फुलला. एवढ्यात शिवशंकरांची नजर खुर्चीच्या कडेला ठेवलेल्या पेल्यावर गेली.

"काय घेत व्हते इवाई?"

"सरबत," छबुबाई पटकन म्हणाली. "तुमाला च्या टाकते."

"च्या नगं इहीणबाई, स्टँडवर दोनदा झाला. सरबतच द्या."

"संपलं की वो. येवढंच व्हतं."

"मग ह्येच्यातलंच निम्मं!" शिवशंकर हसले. "लग्नात एका ताटात जेवलोय आमी, एका गिलासाचं काय?" आणि त्यांनी हात पुढं केला.

ह्या मुलखात लेकीचं लग्न लागलं की दोन्ही व्याह्यांना एका ताटावर बसवतात, ते एकमेकांना घास भरवतात, आणि तिथून पुढं त्यांच्यात उष्टं-खरकटं राहत नाही. व्याह्यानं मागितलेला घोट नाकारणं म्हणजे ते ताट उलटं करणं. आणि ती गोष्ट व्याह्यापाशी थांबत नाही; 'तुझ्या बापानं आमच्या माणसाचा हात रिकामा धाडला' हे पोटुशी लेक चुलीपुढं ऐकत बसते. द्यावा, तर माळकरी माणसाची माळ बाटते. आणि खरं सांगावं, तर सुंदररावांची मान व्याह्यापुढं कायमची खाली जाते.

"आवं, त्ये माझं आवशिदाचं हाय," ती म्हणाली. "ह्यांना चुकून दिलं."

"आवशीद? मग बरंच की. मला बी खोकला हाय." हात तसाच पुढं.

सुंदररावांनी पेला उचलला. क्षणभर छबुबाईला वाटलं, आता हे देणार. त्यांनी तो उचलून पलीकडच्या खिडकीत ठेवला, हात पोचणार नाही असा. 

"इवाई, त्येच्यात दारू हाय."

त्या घरात तो शब्द पहिल्यांदा बोलला गेला. भिंतींनीही ऐकला असेल. छबुबाईनं पदर तोंडात धरला.

"मी पितो," सुंदरराव म्हणाले. बोलताना ते जमिनीकडं बघत नव्हते. "लई वर्सं झाली. रोडच्या धाब्यावर जायचो. परवा पुलापाशी पडलो. कुत्रं न्हवतं काई, मीच पडलो. म्हणून ही घरात करून देती, झाकणभर, सरबत म्हणून. बोल लावायचा तर मला लावा. हिला लावू नगा, आन माझ्या लेकीला तर अजाबात नगं."

शिवशंकरांचा पुढं केलेला हात तसाच अधांतरी होता. तो हळूहळू मागं आला आणि गळ्यातल्या माळेवर थांबला. बराच वेळ ते मणी चाचपत राहिले.

"वास वळखला व्हता मी," ते म्हणाले.

दोघं त्यांच्याकडं बघत राहिले.

"दारात पाय ठिवला तवाच वळखला. ह्या वासापायीच घातली व्हती ही माळ. त्या आधी मी कसा व्हतो त्ये आमच्या घाटनांदूरला इचारा कुणाला बी. माळ घातली, थेंब न्हाई घेतला. पन आज वास आला आन मन म्हणलं, ही सगळी सरबतच म्हणत्यात की. सरबत पिलं तर माळंला काय व्हतंय? मला काय ठाऊक, आसं म्हणता येईल." त्यांचे डोळे भरले. "म्हणून हात मागं घेत न्हवतो, इवाई. तुमी बोलला नसता तर आज मी पिलो आसतो."

छबुबाईच्या मनात आलं, दोघांपुरतं म्हणून लावलेल्या ताटीच्या फटीतून तिसरंच माणूस पडणार होतं, आणि आपल्याला दिसलंही नसतं.

सुंदरराव उठले, खिडकीतला पेला घेऊन आत गेले. ती मागोमाग गेली. त्यांनी मोरीत पेला उलटा केला आणि वर बघतात तो कोठीजवळ उघडी बाटली, तळाला ज्वारीचे दाणे चिकटलेली.

"ही कवाची?" ते कुजबुजले.

"तुमी निवडून आलता त्या दिवाळीची. मिठाई समजून घेतली म्या."

"म्हंजी आईचा शब्द तू मोडला."

"आन तुमी पुलापोतर पाळला," ती म्हणाली. 

सुंदररावांच्या तोंडून हसू फुटलं, अगदी दबकं, बाहेर पाहुणा बसलाय याची आठवण ठेवून. तिनं नव्या पातेल्यात पाणी ठेवलं, लिंबू, गूळ, आलं, बाकी काही नाही. दोन पेले भरून बाहेर नेले. व्याह्यांनी आधी सुंदररावांचा पेला घेतला, घोट घेतला, आणि आपला पेला त्यांच्या हातात दिला. मग स्वप्नालीच्या डोहाळजेवणाला कुणाकुणाला बोलवायचं याच्या गप्पा जेवणापर्यंत चालल्या.

सकाळी सुंदरराव व्याह्यांना गाडीवर बसवून वडवणीच्या स्टँडवर सोडायला गेले. दुपार झाली तरी आले नाहीत. छबुबाईनं लसूण सोलला, ज्वारी निवडली, निवडलेलीच पुन्हा निवडली. रात्रभर तिला एकच सलत होतं. काल सगळं उघडं पडलं. आता पेला पुढं करताना काय म्हणायचं? सरबत म्हणावं, तर ते खोटं आता दोघांनाही झेपणार नाही. काहीच नाही दिलं, तर उद्या रुमाल, परवा रोड. लाजेपायी माणूस घरापासून लांब जातो, हे तिनं जन्मभर बघितलं होतं. आणि काल तर त्यांनी लाज सगळ्यांसमोर काढून ठेवली होती. 

उन्हं भिंतीवर चढली तेव्हा गाडी आली. सरळ आली, वळणावर न डुलता आली. सुंदरराव आत आले, बैठकीत न थांबता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बडीशेपेचा वास नव्हता.

"इवायाला एसटी उशिरा मिळाली," ते म्हणाले. "बसलो बोलत. मानूस लई चांगला हाय."

"हायच."

त्यांनी चौकटीला हात लावला. "आज काई न्हाई का?"

छबुबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिनं त्यांच्याकडं सरळ बघितलं, जसं लग्नानंतर कधीच बघितलं नव्हतं.

"काय म्हणून देऊ?"

सुंदररावांनी चौकट सोडली. ते आत आले. चुलीजवळ पाट होता, त्यावर बसले. एवढ्या वर्षांत ते तिथं जेवायलाही बसले नव्हते, ताट नेहमी बैठकीत जायचं.

"जे हाय त्येच म्हणून दी," ते म्हणाले. "आन रोज नगं. ज्या दिशी लई वाटलं त्या दिशी मी सांगंन. तोंडानं सांगंन. तुला वळखायला लावणार न्हाई."

"आज वाटतंय का?"

"आज वाटतंय."

तिनं मान हलवली. पातेलं चुलीवर ठेवलं, गूळ फोडला. सुंदररावांनी टोपलीतलं लिंबू उचललं, कापलं, आणि मुठीत धरून असं पिळलं की निम्मा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"स्स्! झोंबलं की गं!"

"मग? कोपराची खपली सारखी उचकटता. इकडं आना."

"नगं, मी करतो. दाव मला."

"बिया काढा आधी," छबुबाई म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी टेकली.